चिनुक, ऑस्प्रे आणि एक पिनियन



व्याख्यानाच्या कार्डावर साडेसहाची वेळ छापली होती, आता सात वाजून गेलेत. शिफ्ट सुटायची वेळ, खानापूर रोड आणि तिसरं रेल्वे गेट, एवढं म्हटलं की बेळगावात उशिराचं कारण कोणी विचारत नाही. म्हणून मीही माफी मागत बसत नाही.

विषय वाचून दोघा-तिघांचे फोन आले. ‘अहो, जन्मभर गिअर कापलात, आता हे हेलिकॉप्टर कुठनं काढलंत?’ रास्त प्रश्न आहे. मी वैमानिक नाही, सैन्यात नव्हतो. सैन्याशी माझा संबंध एवढाच, की कॅम्पातनं जाताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरपुढे सायकल आपोआप सावकाश व्हायची. पण जड ओझी उचलणारी हेलिकॉप्टर आणि ती नवी, पंखाच्या टोकाला पाती घेऊन कलणारी विमानं, या दोघांचं भांडण मी गेली काही वर्षं वाचतोय. आणि वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की हे भांडण वेगाचं वाटतं, पल्ल्याचं वाटतं, पण शेवटी ते येऊन थांबतं गिअरबॉक्सपाशी. आणि गिअरबॉक्सवर बोलायचा हक्क आपल्या कारखान्यांच्या उद्यमबागेला नसेल तर कोणाला असेल?

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत होतो. अण्णा टर्नर. पुढं स्वतःचं वर्कशॉप झालं तरी टर्नरच. मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका गिअरबॉक्सच्या तळाचा मॅग्नेट प्लग काढायला लावला. त्यावर लोखंडाची बारीक भुकटी उभी राहिली होती, काळी, मऊ, ओल्या केसांसारखी. अण्णा म्हणाले, ‘ही मिशी. मिशी आली की तेल बदल. पण मिशीत खडा लागला तर मशीन बंद कर, मालक ओरडला तरी.’ माझ्या इंजिनिअरिंगचा हा पहिला धडा. तो तेवढा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता मूळ विषय.

ऑगस्ट २०१९ कोण विसरेल? वेदगंगा यमगर्णीला महामार्गावर आली, तिकडे शिरोलीला पंचगंगा आली, आणि मधलं निपाणी-कागल बेट होऊन बसलं. कोल्हापूर-सांगलीत लोक कौलांवर बसून होते. त्या आठवड्यात टीव्हीवर हेलिकॉप्टर दिसलं की घराघरात लोक उठून उभे राहत. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशा वेळी वरून येणाऱ्या यंत्रानं नक्की काय करावं अशी आपली अपेक्षा असते? लांबून वेगानं यावं, का आल्यावर एका जागी थांबून भरपूर उचलावं? दोन्ही, असं तुम्ही म्हणणार. दोन्ही एकाच यंत्राला नीट जमत नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे.

पहिल्या घराण्यातले, म्हणजे जड हेलिकॉप्टरांचे, पैलवान ओळखून घेऊ. रशियाचं मी-२६, १९७७ साली पहिल्यांदा उडालं. एकच मोठा पंखा, त्याला आठ पाती, व्यास ३२ मीटर. हा हॉल त्याच्या पात्यांखाली बसेल. स्वतःच्या वजनासकट ५६ टन घेऊन उठतं, त्यातलं २० टन ओझं. आपल्या हवाई दलात ते १९८६ पासून आलं, चंदीगडला. केदारनाथच्या प्रलयानंतर तिथं पुन्हा बांधकाम करायला अवजड मशिनरी हवी होती, रस्ता उरला नव्हता, तेव्हा खास याच्यासाठी मोठं हेलिपॅड बांधावं लागलं. २००२ साली अफगाणिस्तानात अमेरिकेचं एक नादुरुस्त चिनुक डोंगरात अडकलं, ते उचलून आणायला भाड्याचं मी-२६ बोलवावं लागलं. एका हेलिकॉप्टरनं दुसरं मोठं हेलिकॉप्टर टांगून न्यायचं. आपल्याकडे क्रेन बिघडली की दुसरी क्रेन येते ना, तसं.

दुसरं चिनुक. १९६१ साली पहिलं उड्डाण, म्हणजे इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वयानं मोठं, आणि अजून नवीन बनतंय. पुढं एक पंखा, मागं एक पंखा, उलट्या दिशांनी फिरणारे. त्यामुळे शेपटीचा छोटा पंखा लागत नाही, इंजिनाचा सगळा जोर उचलण्यात जातो. उंच डोंगरात, विरळ हवेत याचा फार उपयोग. ओझं साधारण ११ टनांपर्यंत. भारतानं २०१५ मध्ये १५ घ्यायचा करार केला, पहिली चार फेब्रुवारी २०१९ मध्ये जहाजानं मुंद्रा बंदरात उतरली आणि मार्चमध्ये चंदीगडला सेवेत आली. आणि एक सांगू? याच्या मागच्या बाजूचे काही सुटे भाग आणि सामान चढवायचा उतरता दरवाजा बंगळुरूतल्या डायनामॅटिक कंपनीत तयार होतो. तिसरा पैलवान अमेरिकेचा सीएच-५३के. तीन इंजिनं, प्रत्येकी साडेसात हजार हॉर्सपॉवर, दोरीला टांगून १६ टन. त्याच्यावर मी वेळ घालवत नाही.

दुसऱ्या घराण्यात मात्र सध्या नाव घेण्याजोगा एकच गडी, ऑस्प्रे. व्ही-२२. विमानासारखे पंख, आणि पंखांच्या दोन्ही टोकांना मोठी पाती. उठताना पाती आकाशाकडे, हेलिकॉप्टरसारखी. वर गेल्यावर इंजिनासकट पुढं कलतात, आणि यंत्र विमान होतं. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. चिनुक धावून धावून तीनशेपर्यंत. मग कोणी म्हणेल, झालं की मग! घ्या ऑस्प्रे, विका चिनुक.

थांबा. हे यंत्र जन्माला का आलं ते आधी बघू.

२४ एप्रिल १९८०. तेहरानमधल्या दूतावासात अमेरिकेचे ओलीस अडकलेले. त्यांना सोडवायला समुद्रातल्या नौकेवरून आठ हेलिकॉप्टर निघाली. रात्र, वाळवंट, धुळीचे लोट, हजारभर किलोमीटरचा पल्ला. एकात पात्याला तडा गेल्याची सूचना देणारा दिवा लागला, ते वाळवंटात सोडून द्यावं लागलं. एक धुळीमुळे परत फिरलं. तिसऱ्याचं हायड्रॉलिक गेलं. मोहिमेला सहा तरी हवी होती, उरली पाच. मोहीम रद्द झाली, आणि परतताना एक हेलिकॉप्टर तेलाच्या विमानावर आदळून आठ जण गेले. त्या रात्रीनंतर अमेरिकेत प्रश्न उठला की हेलिकॉप्टरसारखं उतरणारं पण विमानासारखं लांब जाणारं काही असतं तर? ऑस्प्रेचा प्रकल्प त्यातून उभा राहिला. १९८९ साली पहिलं उड्डाण, २००७ मध्ये इराकमध्ये पहिली तैनाती. मधली अठरा वर्षं कुठं गेली? तीस माणसं गेली, तिथं गेली.

पण त्या वाळवंटातल्या पहिल्या हेलिकॉप्टरकडे जरा परत चला. दिवा लागला, चालकांनी दिव्यावर विश्वास ठेवला, यंत्र सोडलं. त्या जातीच्या हेलिकॉप्टरांत हा दिवा उगीचच लागतो, पात्याला तडा नसतोच, अशा नोंदी आधीपासून होत्या. म्हणजे मशीन सोडलं ते चुकलं? तुम्ही असता तर काय केलं असतं? उत्तर आत्ता देऊ नका.

आता थोडं गणित. घाबरू नका, कागद-पेन्सिल लागणार नाही. पंख्यानं हवा खाली ढकलायची, म्हणजे आपण वर राहतो. मोठा पंखा असेल तर बरीच हवा सावकाश ढकलता येते. पंखा लहान असेल तर थोडी हवा जोरात ढकलावी लागते. आणि जोरात ढकलणं नेहमी महाग. चिनुकचे दोन पंखे मिळून साधारण सव्वापाचशे चौरस मीटर. वजन २२-२३ टन. म्हणजे चौरस मीटरला ४३ किलो. मी-२६ ला ७० किलो. आणि ऑस्प्रे? पाती लहान ठेवावीच लागतात, नाहीतर पंख आणि विमानपणा जमत नाही. दोन्ही मिळून फक्त २११ चौरस मीटर. वजन चिनुकएवढंच, २४ टन. चौरस मीटरला ११३ किलो!

याचा अर्थ काय? चिनुकच्या दोन इंजिनांना मिळून साडेनऊ हजार हॉर्सपॉवर पुरतात, ऑस्प्रेला १२ हजारांवर लागतात, आणि तरीही टांगून नेण्याचं ओझं चिनुकच्या निम्म्याच्या थोडं वर, पावणेसात टन. सैनिक २४. चिनुकमध्ये ३३ आरामात, अडचणीच्या वेळी ५० च्या वर. दुसरा अर्थ आपल्या निपाणीकडच्या माणसाला लगेच कळेल. पूर्ण भरलेलं ऑस्प्रे जमिनीपासून थोडं वर थांबलं तर खाली सुटणारा वारा, माझ्या हिशोबानं, ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. तंबाखू वाळत घातलेली असेल, पत्र्याची शेड असेल, कौलावर माणूस बसलेला असेल, त्याच्या डोक्यावर हे यंत्र आणून उभं करायचं? २०१० साली न्यूयॉर्कच्या एका बागेत समारंभाला ऑस्प्रे उतरलं, झाडांच्या फांद्या तुटून दहाएक माणसं जखमी झाली. समारंभ होता, पूर नव्हता.

आणखी एक. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि ते, कसंबसं का होईना, उतरवता येतं. माधवीलतेचं तीन पंखांचं फळ झाडावरून गिरक्या घेत कसं येतं, चोर्ल्याच्या रानात कोणी पाहिलं असेल. ऑस्प्रेची पाती त्यासाठी फार लहान. शिवाय फार वेगानं सरळ खाली उतरू गेलं तर कोणतंही हेलिकॉप्टर स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. ऑस्प्रेची एक बाजू आधी सापडते, दुसरी नाही, आणि यंत्र उलटतं. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनात असंच झालं. १९ सैनिक, एका क्षणात. त्याच वर्षी डिसेंबरात आणखी चार जण, तिथं हायड्रॉलिक तेलाची गळती आणि संगणकाच्या आज्ञावलीतली चूक एकत्र आली.

म्हणजे ऑस्प्रे टाकाऊ का? अजिबात नाही. पोर्ट ब्लेअरहून कॅम्पबेल बे पाचशे किलोमीटरच्या आसपास. मधे समुद्र. तिथं कोणी आजारी पडला तर जाऊन येऊन चिनुकला चार तास लागतील, ऑस्प्रेला दोन-सव्वादोन. समुद्र जिथं लांबच लांब आहे त्या देशांना हे यंत्र का आवडतं ते कळतं. अमेरिकेबाहेर ऑस्प्रे घेणारा एकच देश, जपान, बेटांचाच आहे. पण पुण्याहून निपाणी? वेगाच्या फरकानं फार तर अर्धा तास वाचणार, आणि आल्यावर निम्मं ओझं. हिमालयातल्या चौकीवर तोफ नेऊन ठेवायची? तिथं वेगाला विचारतो कोण? माझं मत सरळ आहे. आपल्या देशाच्या बहुतेक कामांना आज तरी मोठ्या पंख्याचं हेलिकॉप्टर बरं. अंदमान-निकोबारला अपवाद ठेवा.

हे झालं बाहेरून बघणं. आता झाकण उघडू.

जेट इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं. ऑस्प्रेचं पंधरा हजारांच्या आसपास. पाती मात्र मिनिटाला चारशेच्या आत-बाहेर फिरली पाहिजेत. चिनुकची २२५, मी-२६ ची फक्त १३२. मधलं हे सगळं रिडक्शन कोण करतं? आपली मंडळी. मी-२६ चा मुख्य गिअरबॉक्स एकटाच साडेतीन टनांच्या आसपास आहे. ऑस्प्रेत एकूण पाच गिअरबॉक्स. दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन, आणि पंखाच्या मधोमध एक. दोन्ही बाजू एका लांब शाफ्टनं जोडलेल्या. का? एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यानं दोन्हीकडची पाती फिरवावीत म्हणून. कल्पना किती सुंदर आहे! चिनुकमध्येही पुढचा-मागचा पंखा असाच शाफ्टनं बांधलेला, कारण त्यांची पाती एकमेकांच्या वाटेत येतात, लय चुकून चालत नाही.

पण हा शाफ्ट इंजिन गेलं तर वाचवतो. गिअरबॉक्सच फुटला तर? १९८६ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला तेलविहिरीवरचे कामगार घेऊन येणारं नागरी चिनुक समुद्रात कोसळलं. पुढच्या ट्रान्समिशनमधला एक बेव्हल गिअर फुटला, पाती एकमेकांवर आदळली, ४५ माणसं गेली. म्हणजे चिनुक देवाघरचं नाही, हे आधी सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकाच बाजूनं बोलतात.

ऑस्प्रेत अडचण अशी की गिअरबॉक्स स्वतःच नव्वद अंशांत फिरतो. उभा असताना तेल पोचलं पाहिजे, आडवा झाला तरी पोचलं पाहिजे. आणि तो बसलाय पंखाच्या अगदी टोकाला. मध्यावर काही बिघडलं तर यंत्र पडतं, टोकाला बिघडलं तर उलटतं.

२९ नोव्हेंबर २०२३. जपानच्या याकुशिमा बेटाजवळ ऑस्प्रे चाललंय. डाव्या गिअरबॉक्समधून सूचना येते. तेलात लोखंडाचे कण सापडले, विजेचा झटका देऊन जाळले. म्हणजे काय? अहो, हाच तो अण्णांचा मॅग्नेट प्लग! फरक इतकाच की विमानातला प्लग काढून बघावा लागत नाही, दिवा लागतो, आणि बारीक मिशी असेल तर ती जागेवर जळून जाते. एकदा सूचना आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. सहावी सूचना वेगळी होती. आता कण जळत नव्हते. मिशीत खडा लागला होता. ते जवळच्या विमानतळाकडे वळले होते, उतरायच्या वाटेवर होते. गिअरबॉक्स फुटला. आठही जण गेले.

पुढच्या वर्षी अहवाल आला. वेगवान टप्प्यातल्या प्लॅनेटरी गिअरमधला एक छोटा गिअर, म्हणजे पिनियन, तडकला होता. जगभरची ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर बसून होती. पिनियन का तडकला? संशय पोलादाकडे गेला. पोलादात परका कण. ओतताना, वितळवताना आत राहिलेला, धातू नसलेला एक ठिपका. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यू मेक्सिकोत आणखी एका ऑस्प्रेत अशाच दोषाचा गिअर निघाला. ते वाचलं, पण सगळ्यांना पुन्हा थांबावं लागलं. आता नवीन गिअर तीनदा वितळवून शुद्ध केलेल्या पोलादाचे येताहेत.

मला हे वाचताना काय आठवलं सांगू? माझ्या उमेदीच्या काळात एका साखर कारखान्याचा गिअरबॉक्स ऐन हंगामात बसला. कोणता कारखाना ते सोडा. गिअर आम्ही कापलेला. मी रात्री जीपमधून गेलो. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, बैल बसून रवंथ करतायत, आत मालक माझ्याकडे बघायलाही तयार नाही. तुटलेला दात हातात घेतला. तुटलेली जागा चकचकीत, करड्या रंगाची, समुद्राच्या लाटांच्या खुणा असाव्यात तशा वर्तुळाकार रेघा. आणि सगळ्या रेघांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. स्लॅगचा कण. हॉबिंग बरोबर, हार्डनिंग बरोबर, दाताचा आकार गेजमध्ये चपखल. चूक सगळ्यांच्या आधी, भट्टीत झाली होती, आणि ती आमच्या कुणाच्या डोळ्याला दिसणार नव्हती. अल्ट्रासॉनिक तपासणी करून घेतली असती तर दिसली असती. पैसे वाचवायचे म्हणून मी ती केली नव्हती. चूक माझी होती, फौंड्रीची नव्हती. ऊस दोन दिवस उन्हात वाळला.

तिथं ऊस वाळला. इथं आठ माणसं.

त्या चालकदलाला दोष द्यायला मी इथं उभा नाही. पाच वेळा दिवा लागून काही झालं नाही, की सहाव्यावर विश्वास बसत नाही, हे माणसाचं आहे. १९८० च्या वाळवंटात उलट झालं. दिव्यावर विश्वास ठेवला आणि मोहीम गेली. मग दिव्यावर विश्वास ठेवावा की नाही? मघाशी मी तुम्हाला उत्तर देऊ नका म्हटलं होतं. माझं उत्तर असं की हा प्रश्न चालकावर सोडणं हीच चूक आहे. दिवा खोटं बोलतो का खरं, हे ज्यानं प्लग बसवला, ज्यानं पोलाद वितळवलं, ज्यानं ते तपासलं, त्यानं आधी ठरवायचं. वर उडणाऱ्यानं नाही.

यापुढचं यंत्रही येतंय. अमेरिकन लष्करानं डिसेंबर २०२२ मध्ये बेल कंपनीचं नवीन टिल्टरोटर, म्हणजे पाती कलणारं यंत्र, निवडलं. त्यात इंजिन कलत नाही, ते आडवंच राहतं. कलतात फक्त पाती आणि त्यांच्यालगतचा गिअरबॉक्स. म्हणजे इतक्या वर्षांच्या अनुभवातनं काही शिकले. पण बघा, गिअरबॉक्स अजून कलतोच आहे. वेग हवा तर एवढी किंमत आहे.

कोणी विचारेल, याच्याशी आपला काय संबंध? १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हाही असंच विचारणारे असतील. आज इथनं निपाणीच्या रस्त्यावर हत्तरगीला एक्वस कंपनीच्या आवारात एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे भाग बनतात. तुमकुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हेलिकॉप्टर कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले, आणि शोध कुठं पोचला? स्वॅशप्लेटपाशी. पात्यांचा कोन बदलणाऱ्या एका तबकडीपाशी. कितीतरी ध्रुव महिनोन् महिने जमिनीवर राहिली. उद्या असा एखादा पिनियन, अशी एखादी तबकडी जॉबवर्कला तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे, कदाचित आलीही असेल. सोबतचं मटेरिअल सर्टिफिकेट फाइलला लावून मोकळे व्हाल, की एकदा वाचाल?

मुलांनो, तुमच्यासाठी अण्णांच्या वर्कशॉपमधला तो मॅग्नेट प्लग मी आज आणलाय. पेटीत होता, पुसलेला नाही, मिशी तशीच आहे. इथं टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवतो. जाताना प्रत्येकानं चिमटीत धरून बघा. मिशीत एक खडा आहे, तो बोटाला लागेल. हात पुसायला चिंधी बाजूला ठेवली आहे.